फाटकापासून पोर्चपर्यंतचा चढ

प्रिय सोन्या,

तुझी चाकाची खुर्ची घरात आणायची बाबांना तुझ्यापेक्षा जास्त घाई झाली होती. तुला उपचार केंद्रातून सोडण्याआधी फाटकापासून पोर्चपर्यंतचा चढ नीट करायचा, म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. रस्ते बांधण्यात उभा जन्म गेला त्यांचा, पण एवढा जीव कुठल्या रस्त्यावर टाकला नसेल.

चढ मोजायला पाण्याने भरलेल्या नळीचं एक टोक धरून ते पोर्चवर, दुसरं टोक धरून मी फाटकात. माझा हात जरा हलला की लगेच आरडाओरडा. सोळा फुटांत दोन फूट चढ निघाला, म्हणजे आठाला एक. तुझ्या केंद्रातल्या बाईंनी मला फोनवर बजावलं होतं, की खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवायची तर फूटभर चढाला निदान बारा फूट लांबी हवी. बाबांनी ते उडवूनच लावलं. तो एकटा कशाला चढवेल, मी आहे ना मागून ढकलायला, असं म्हणाले. मी म्हटलं, तिशीचा मुलगा आहे, त्याला कधी एकट्याने बाहेर जावंसं वाटणार नाही? त्यावर दोन दिवस अबोला. तुझी सायकलसुद्धा अशीच धरून पळायचे. सोडा म्हणून तू बोंबलायचास आणि हे काही सोडायचे नाहीत.

मागच्या महिन्यात ते एकटेच स्वतःच्या तपासणीचे रिपोर्ट आणायला गेले. आले ते चपलाही न काढता नळी घेऊन अंगणात. चहा निवून गेला. आठाला एक खोडून त्यांनी बाराला एक धरलं. सरळ जागा पुरेना, म्हणून वाट भिंतीकडेने नेऊन वळवली. वळणावर सपाट जागा ठेवली, तुला दम खाता यावा म्हणून. माझी जाईची वेल त्यात गेली. गाडीही आत मावेना, तर ती विकून टाकली. रोज सकाळी गाडी पुसल्याशिवाय चहा न पिणारा माणूस!

परवा कुणाची तरी खुर्ची मागून आणली आणि स्वतः बसून चढून पाहिलं. अर्ध्यावर खोकल्याची उबळ आली. मी धावले, तर हात वर करून मला थांबवलं. वर पोचले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि चेहरा असा, की जणू पहिलं बक्षीस मिळवलंय. मी आत जाऊन मोरीत रडले.

सोन्या, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, फार पसरलेला. तुझे व्यायाम अर्धवट राहतील म्हणून तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली आहे मला. ती मी आज मोडते आहे. केंद्रवाले तुला अजून दोन महिने ठेवणार म्हणतात. बाबांबद्दल डॉक्टर तेवढंही सांगायला तयार नाहीत. पत्र मिळालं की फोन कर, पण माझं नाव घेऊ नकोस. कंटाळा आला, घरी न्या, एवढंच म्हण. ते चिडतील, आळशी म्हणतील, नाही नाही ते बोलतील. सगळं ऐकून घे, पण हट्ट सोडू नकोस. तुझ्यावर रागवायची ताकद त्यांच्यात आहे तोवर ये.

तुझीच,
आई