पियूच्या कॉम्प्युटरची छोटी डिस्क

१० जुलै
मी शिकायला नांदेडच्या हॉस्टेलला निघाले तेव्हा माय म्हणाली होती, "लेकरू घरात हाय तवर बोलून घ्यावं, मग नुसतं जेवलीस का एवढंच इचारायचं ऱ्हातं."
आता माझी पियू पाच ऑगस्टला शिकायला नागपूरला जाणार. आणि जायच्या आधी तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवायचाय! म्हणजे उरलेले दिवस खोलीचं दार बंद. आज सामानाची यादी दिली — "मम्मी, उद्या नांदेडला चाललीस ना? सगळं कलीमभाईच्या दुकानातून आण. एसएसडी, ती गेम साठवायची डिस्क, एक टीबीचीच!"

११ जुलै
कलीमभाई म्हणाला, "एक टीबीत आठ-धा मोठे गेम आरामात बसतेत."
"आणि कमीत कमी किती बसवता येतील?"
तो बघतच राहिला. असं विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच असणार!
"मग ही दोनशे छप्पन जीबीची घ्या. एकच मोठा गेम मावतो. दुसरा पायजे तर पयला काढा. पण पोरगी लई चिडंल बरं का ताई!"
"हीच द्या. भाव चढलेत म्हणून सांगते पोरीला."
बसमध्ये एकटीच हसत होते. थोडी लाज वाटली. थोडीच.

१३ जुलै
कॉम्प्युटर जुळला. तिने डिस्क पाहिली, मग मला. "मम्मी! यात काय मावणार, माझं नाव?" मी भाजी निवडत राहिले.

१७ जुलै
फत्ते! मोटारींचा गेम काढून दुसरा उतरवून राहिली. अहमदपूरचं आमचं नेट — पाच तास! करणार काय? आली स्वयंपाकघरात. शेंगा सोलता सोलता म्हणाली, नागपूरची भीती वाटते. मध्येच उठून बघून आली — "त्रेचाळीस टक्के." हळू उतर रे बाबा, मी मनात.

२२ जुलै
पुन्हा डिस्क भरली. आज कणीक मळली तिने. "मम्मी, तू रोज वहीत लिहितेस ते पप्पा वाचतेत का?" "न्हाई. त्यांना वाटतं किराण्याचा हिशोब हाय." दोघी इतक्या हसलो की पोळी करपली.

२८ जुलै
आज मोटारींचाच गेम परत उतरवला. म्हटलं, लागतो तर काढतेस कशाला?
"जागा कुठाय?" — आणि बसली माझ्याजवळ, सहा तास.

४ ऑगस्ट
तिची बॅग भरत होते. स्वेटरखाली एक टीबीची एसएसडी. सीलसुद्धा फोडलेलं नाही. बिल कलीमभाईचं — चौदा जुलैचं! त्या दिवशी मैत्रिणीकडे म्हणून नांदेडला गेली होती.
दुसरी डिस्क लावायला जागा आहे त्या कॉम्प्युटरमध्ये. पाच मिनिटांचं काम. तीन आठवडे नाही लावली.
होती तशी ठेवली. वर स्वेटर नीट घातला.

५ ऑगस्ट
नऊची गाडी. कॉम्प्युटर खोक्यात बांधून झालाय. ती नाहीच म्हणणार, ठाऊक होतं. तरी तिच्या दारात जाऊन म्हटलं — पियू, एक मोठा गेम उतरवायला लाव की.