मारुती, सॅन्ट्रो आणि आईचा पाय

करावे, ३ फेब्रुवारी

चि. भाविकास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुझी आई तिच्या सोयीनं सांगते, म्हणून पत्र. नव्या सोसायटीत आपल्याला एकाच गाडीची जागा मिळाली. म्हणजे माझी मारुती किंवा तुझ्या भावाची, रूपेशची सॅन्ट्रो, एकीला निरोप द्यायचा. मारुती तुझ्याहून वयानं मोठी. तुला दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आणली. चोक ओढला की अजून पहिल्या किल्लीला बोलते. सॅन्ट्रो पुढच्या जमान्यातली. एसी आहे, स्टिअरिंग बोटानं फिरतं, पण बॉनेट उघडलं तर मला ओ की ठो कळत नाही.

खुब्याच्या ऑपरेशनपासून आईला बुटक्या सीटवर बसायला मनाई आहे. म्हणून मारुतीच्या गादीखाली मी जुनं जाळं घडी करून घातलं. उंची झकास आली. कोळंबीचा वास येतो, पण तुझ्या बाळंतपणाला नाशिकला पोचेपर्यंत तिला सवय होईल.

प्रकृतीला जप. तुझे बाबा, सिताराम

नाशिक, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

जाळ्याचं वाचून सासूबाई पोट धरून हसल्या, मला मात्र रडू आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आईचा खुबा मोडला म्हणून मी इथे थांबले. त्याची तक्रार नाही. पण कळा येतील तेव्हा आई जवळ नसली तर माझा धीर सुटेल, बाबा. तिला विचारलं तर गाडीत बसायची भीती वाटते एवढंच म्हणते. मारुतीचा लळा जरा बाजूला ठेवा आणि तिला सुखरूप आणेल ती गाडी ठेवा.

लवकर भेटावे, ही विनंती. आपली, भाविका

करावे, १६ फेब्रुवारी

चि. भाविकास अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल बेलापूरला डॉक्टरांकडे मारुतीतून गेलो. आईनं वाटभर दाराची मूठ सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, खुशाल प्रवास करा. माझा जीव भांड्यात पडला. मग शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मी डोळे तपासून घेतले, तर त्यांनी थेंब घातले आणि सगळं धूसर. मारुती तिथेच ठेवली. रूपेश सॅन्ट्रो घेऊन न्यायला आला आणि दुसऱ्या सिग्नलला तुझी आई घोरायला लागली! माझ्या गाडीत ती लग्नापासून कधी झोपली नव्हती. आता आणखी काय तुलना करायची? मारुती उद्या एक मेकॅनिक नेतोय. वाईट वाटतंय, पण मन हलकं आहे.

तुझे बाबा

चि. भाविकास आईचे आशीर्वाद.

ही चिठ्ठी त्यांच्याच पाकिटात सरकवतेय, त्यांच्याकडे बोलू नकोस. सीट दोन्ही गाड्यांची बरी होती गं. भीती मला त्यांच्या नजरेची होती. मोतीबिंदू वाढलाय, सिग्नल लाल की हिरवा ते मला विचारून गाडी हाकतात. रूपेश चालवत होता म्हणून डोळा लागला.

चालवू नका म्हटलं असतं तर मनाला लावून घेतलं असतं. म्हणून सांगितलं, मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसणार, तो मांडीवर घ्यायला तुमीच पायजे, रूपेशला नाय जमनार. ऐकून एवढे खूश झाले की नाशिकला स्वतः चालवायची म्हणून घेतलेली सॅन्ट्रोची किल्ली स्वतःच रूपेशच्या हातात परत दिली.

शनिवारी निघतो. कळा आधी आल्या तरी घाबरू नकोस. मी येतेय.

तुझी आई, पुतळा