कॉइलवरचा नारळ

खर्डा, ४ मे १९७२

नारळ फोडायला तात्यांना माझं यंत्रच सापडलं? सगळं गाव खळ्यावर जमलेलं. सायकलच्या चाकावर जुन्या लाउडस्पीकरचे लोहचुंबक, भोवती तांब्याच्या कॉइल. एक धक्का दिला आणि वीज नाही, तेल नाही, चाक आपलं फिरतंय, बारका बल्ब पेटलाय! तेवढ्यात हे तात्या, माझा सख्खा चुलता, पुढं आला आणि थेट यंत्राच्या चौकटीवर नारळ आपटला. पाणी सगळं कॉइलवर. चाक थांबलं, बल्ब विझला. पूजाच करायची होती तर बाजूला दगड नव्हता?

लोक हळहळत घरी गेले. "नारळानं घात केला पोराचा."

संध्याकाळी तात्यांना तोंडाला येईल ते बोललो. ते तंबाखू मळत ऐकत राहिले. मग म्हणाले, "चाक मंदावायला लागलं हुतं. बल्ब पिवळा पडल्याला. लोकांच्या ध्यानात यायच्या आत फोडला. आता लोक नारळाला नावं ठेवत्यात, तुला न्हाई."

म्हणजे पूजा नव्हतीच ती! कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? चाक पुन्हा वेग घेणार होतं. घेणारच होतं. घेतलं असतं ना?

गाव विश्वास ठेवून गेलं, आणि घरच्या माणसानं नारळ आधीच सोलून ठेवला होता. याचीच चीड येते.

सकाळी कॉइल उन्हात ठेवीन. या उन्हात नारळाचं पाणी दुपारपर्यंत वाळेल. मग चाक थांबलं तर काय सांगू?