गाऱ्हाण्याशिवाय म्हटलेलं ‘व्हय’

प्रिय दादा,

काल दुपारी मी तुझा लॅपटॉप पुसला. मुद्दाम नाही रे, चुकून. पण पुसला तो पुसलाच. आईचा आवाज त्यात होता, आता तो कुठेच नाही. हे कबूल करायचं तरी कुणापाशी? आई आधीच गेली, दीड वर्षापूर्वी तूही गेलास. म्हणून तुलाच लिहायला बसलेय.

परवा तुझा म्हाळ झाला. चुलतभावानं सगळं नीट केलं. आरोंद्याची मावशी काठी टेकत आली होती. ती अंगणातून बोलली की मी अजूनही दचकते, आईच बोलली असं वाटतं. जेवणं झाल्यावर माझा हात धरून म्हणाली, “माझ्या भयणीचो आवाज दादान भरून ठेवललो मां? एकदा माका आयकव गो. माजे कान आता जास्त दिस चलाचे नाय.” मी हो म्हटलं. तिनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं, नाही कसं म्हणणार?

तू गेल्यापासून लॅपटॉप कपाटात होता. मध्येच कधी काढायची आणि पासवर्ड घालून बघायची. आईचं नाव, आपल्या जुन्या होडीचं नाव, तुझ्या त्या आगाऊ बोक्याचंसुद्धा. उघडेल तर शपथ!

काल मला तुझा पेनड्राइव्ह आठवला. आमच्या धामापूरच्या शाळेत अकरा कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. नवीन सिस्टीम त्यांना झेपत नव्हती, सगळे म्हणत होते भंगारात घाला. तू आलास, बघितलंस आणि म्हणालास, “आजाऱ्याक कोण बिर्याणी वाढता काय? पेज दी, उठान बसतलो.” मग त्या पेनड्राइव्हवरून लिनक्स नावाची हलकी सिस्टीम घातलीस, आणि खरंच उठून बसले की रे! माझी मुलं अजून त्यांवरच शिकतात.

अकराही वेळा आपलं तेच नाटक. तू देवळात घालतात तसं हात जोडून गाऱ्हाणं घालायचास, “बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्या मशिनीक आज उठवतंव. हेच्यात कोणी वाकडी नजर घातल्यान तर तेका थयच थांबव रे म्हाराजा!” मी “व्हय म्हाराजा!” म्हणायची आणि बटण दाबायची. डिस्कवरचं सगळं पुसू का, असं पडद्यावर यायचं. शाळेच्या मशीनवर पुसायला होतं काय? मी बिनधास्त हो करायची.

काही न पुसता, पासवर्डही न घालता, नुसतं पेनड्राइव्हवरून चालू करून बघता येतं, हेही तूच शिकवलं होतंस. काल मला तेवढंच करायचं होतं. पण पडद्यावर तेच ओळखीचे प्रश्न आले आणि बोटं आपली चालत गेली. कळलं तेव्हा अर्धंअधिक पुसून झालं होतं. गाऱ्हाणं घालणारा नव्हता, मी मात्र ‘व्हय’ म्हणून मोकळी झाले!

लॅपटॉप पिशवीत घालून तशीच कुडाळला गेले. तिथला दुकानदार म्हणाला, “मॅडम, डिस्कला कुलूप होतं. चावी नसताना पुसलंत काय आणि ठेवलंत काय, सारखंच.” सारखं कसं असेल रे? दार बंद असलं तर निदान बाहेर बसता येतं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू उशाशी बसून तिचं बोलणं भरून घेतलंस. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते, मध्येच खोकला, मध्येच “दादा, दिवो लाव रे”. फोनवर पाठव म्हटलं तर माझ्यावरच उखडलास. “आयेचो खोकलो लोकांच्या मशिनीत कित्याक?” कंपन्या सगळं ऐकतात, सगळं साठवतात, हे तुझं मलाही पटायचं. पण मी का कंपनी होते?

की तुला ते जुनं आठवत होतं? शेजारणीचा कॉम्प्युटर खाली तुझ्या दुकानात दुरुस्तीला आला होता आणि मी त्यातले तिचे फोटो बघितले. वर घरात येऊन त्यांत काय होतं ते सगळ्यांना सांगितलंसुद्धा. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणालास, “दुसऱ्याच्या माजघरात डोकावूचा नाय, बाय.” म्हणून मला पासवर्ड दिला नाहीस का? गेलं दीड वर्ष हा प्रश्न मला खातोय.

मग मीच स्वतःला समजावते. देणार होतास तू. तू जाण्याआधीच्या रविवारी ये म्हणालास आणि मी इन्सुलीला लग्नाला गेले. आत्ताच सांग की, म्हटलं, तर म्हणालास, “फोनार नाय. फोनाक कान आसत. येत्या आयतवारी ये, बसून सांगतंय.” शुक्रवारी तू गेलास. एवढं कसलं रे ते जपणं? आणि मला तरी त्या लग्नात असं काय ठेवलं होतं?

लॅपटॉप आता चालतो. झटकन उघडतो, आत काही नाही. बघवत नाही मला त्याच्याकडे.

तरी एक शब्द देते. येत्या रविवारी तो घेऊन आरोंद्याला जाईन. आधी मावशीला खरं काय ते सांगेन, फोनवर नाही, समोर बसून. रागावली तर रागावू दे. मग तिला म्हणेन, आई कशी होती ते तूच बोल, मी भरून घेते. कंपनीच्या मशीनमध्ये नाही ठेवणार, पण दोन प्रती ठेवीन आणि पासवर्ड तिच्या सुनेला त्याच दिवशी सांगेन. इथे तुझं ऐकणार नाही.

सुरू करण्याआधी गाऱ्हाणं मी घालीन. मला तुझ्यासारखं येत नाही, चुकेन. पण मावशी “व्हय म्हाराजा” म्हणेल ना, तेवढं तरी आईच्या आवाजात ऐकू येईल.

तुझी,
बाय