दोघींचे डोळे

१२ जुलै १९३७, सोमवार
आज कुसुमला छडी मारली. दोन. साऱ्या वर्गादेखत. फळ्यावर ४१, हिच्या पाटीवर ५९. पोटची पोर आपल्याच वर्गात असणं फार वाईट. बाई स्वतःच्या मुलीला सोडतात असं कोणी म्हणू नये, म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवते.
जेवताना म्हणाली, "आई, ते एकेचाळीस होते? मले एकोणसाठच दिसले."
नखरे पुरे, म्हटलं. ताटावर मुकाट रडली.

१९ जुलै
शाळेत डोळ्यांचे डॉक्टर आले. व्हरांड्यात अक्षरांचा तक्ता टांगला. कुसुमनं वरचा मोठा 'ग' वाचला, मग गप्प.
"वाच ना वं, काहून थांबली?" मी म्हटलं.
"खाली तर काहीच नाही लिहिलं."
खाली सहा ओळी होत्या.
शेजारची शांता तिला हळूच सांगते म्हणे. बाकी सारं ऐकून पाठ. म्हणजे दोन वर्षं... मी तिची आई, मीच तिची बाई.
डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे कधी दाखवले?" म्हटलं, सुईत दोरा एका झटक्यात ओवते. ते म्हणाले, "तरी या. चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा दाखवावं."

२४ जुलै, शनिवार
दवाखाना. आधी माझे. शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं. मग डॉक्टर समोर बसले. एक डोळा झाकायचा, त्यांच्या डोळ्याकडे बघायचं, कडेनं बोट आलं की सांगायचं. मी वाट पाहत बसले.
कुसुम म्हणाली, "आई, बोट केव्हाचं हलून राहिलं! सांगत काहून नाहीस?"
कुठं बोट?
मग डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र डोळ्यावर ठेवलं. काचबिंदू म्हणाले. मोतीबिंदू का, विचारलं. नाही. हा दुखत नाही, कळत नाही, नजर कडेकडेनं खातो. गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. रोज थेंब घालायचे. घरातल्या बाकीच्यांचेही डोळे दाखवा म्हणाले.
कुसुमला चष्मा लागणार, एवढंच नीट कळलं. माझं काही कळलं नाही. मला दिसतं. हे लिहिते आहे तेही दिसतं.

२८ जुलै
हे गेल्यापासून आम्ही दोघी माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे राहतो. त्याला आज सांगितलं.
"तुले दिसते ना? मंग कायचा रोग? अन् पोरीले चष्मा? लोक हसतीन."
तो खोटं बोलत नाही, डॉक्टरही बोलत नसावेत.
मागच्या महिन्यात सीताबर्डीच्या रस्त्यावर सायकलवाला अंगावर आला, त्याला किती बोलले मी! त्यानं घंटी वाजवली होती का?
आणि वर्गातली डावीकडची रांग. फार शांत मुली, असं वर्षभर सांगत आले. आज मान वळवून पाहिलं. चिंचा खात होत्या.

७ ऑगस्ट
चष्मा आला. कुसुम अंगणाच्या त्या टोकाला उभी राहिली, माझ्याकडे बघत. बराच वेळ.
"काय झालं?"
"दुरून तुझं तोंड दिसत नव्हतं. आवाजावरून समजायची, रागात आहे का नाही ते."
मी आत निघून गेले. पोळ्या करपल्या.

१२ ऑगस्ट
थेंब घातले की भुवईवर दुखतं, फळा अंधुक होतो. नाही घातले की लख्ख दिसतं. मग रोग कोणता, औषध कोणतं? काल-परवा घातलेच नाहीत. आज पुन्हा घातले.
मुख्य बाईंनी विचारलं, डोळे लाल कसे? धूळ गेली, म्हटलं. खरं सांगितलं तर शाळा ठेवील का? नाही सांगितलं, आणि डाव्या बाजूनं एखादी पोर पडली, मला दिसलीच नाही, तर?

२१ ऑगस्ट, शनिवार
मुख्य बाईंना अजून सांगितलं नाही. दोनदा दारापर्यंत गेले.
दुपारी दादाला म्हटलं, तूही दाखवून ये, घरातल्यांनी दाखवावं म्हणतात. हसला. मग चहा संपवून हळूच म्हणाला, "ते बोटाचं कसं करतेत?"
ओसरीवर त्याला समोर बसवलं. उजवा डोळा झाकायला लावला. माझ्या डोळ्याकडे बघ म्हटलं, आणि बोट कडेनं आणलं. आणत राहिले. दादा काही बोलेना.
"आणलं का तू?" तो म्हणाला.
आणलं होतं. पण मलाच ते दिसत नव्हतं. कुठंवर आणलं, कळेना. त्याला दिसत नाही, की मीच हात फार दूर धरला? मी कशी ठरवू?
दादाचा हात डोळ्यावर तसाच.
"पुन्हा कर," म्हणाला.
कुसुमला हाक मारली.