अर्जातला सातवा प्रश्न

चिमणे,

तुझा ऑपरेशनचा अर्ज टेबलावर होता, मी वाचला. रागाव हवं तर. मांडीची चरबी छातीत भरली तरी थोडी विरते, पुन्हा करावं लागू शकतं, हे तू विचारून घेतलंस. शहाणी आहेस. पण सातव्या प्रश्नाला, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, तू ‘नाही’ लिहिलंस. चूक तुझी नाही. तू पाचवीत असताना मी ‘प्रशिक्षणाला’ गेले होते ना, तेव्हा खरं तर दवाखान्यात होते. उत्तर तूच बदल. डॉक्टरांना सांग आणि मॅमोग्राफी झाल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नकोस. दोनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परतले, जीभ रेटेना. मुलांची शिकवणी घेऊन दहाला येते. मग हवं ते विचार. काही लपवणार नाही.

आत्या