याकोव्होसच्या नावचं गाणं

स्टुटगार्ट,
३ ऑक्टोबर १९६९

ती. एव्हांथिया वन्संना आर्गिरोचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले ऑलिव्ह पोचले. डबा फुटून माझा एकुलता एक कोट तेलात न्हाला, पण इथल्या बटाट्यांना विटलेल्या जिभेला त्याचं काही वाटलं नाही. कारखान्यातल्या पोरी म्हणतात, तुझ्या सासरची माणसं फारच बाई प्रेमळ.

आता मुद्द्याचं, आणि रागावू नका. इथे प्रोद्रोमोस म्हणून एक बिजवर आहे, आपल्याकडच्याच कावाला गावचा, सरळ माणूस. त्यानं मला मागणी घातली आहे. याकोव्होसची बोट बुडून तीन वर्षं झाली. सगळ्यांची प्रेतं मिळाली, तुमच्या भावाचं तेवढं नाही. म्हणून बाबा म्हणतात तो येणार, आणि मी त्याची अंगठी घालून बसले आहे. ती मी चोरून काढणार नाही. बाबा हो म्हणाले तरच. एवढं विचारा. नाही म्हणाले तर हा विषय पुन्हा काढणार नाही.

आईंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
आर्गिरो


पिरेयस,
२५ ऑक्टोबर १९६९

चि. आर्गिरो हीस अनेक आशीर्वाद.

रागावेन कशाला, वेडे? बिजवराला टक्कल आहे का, ते मात्र कळव. बाबांना विचारायला माझी जीभ रेटेना. आणि आता विचारायची गरजच उरली नाही.

परवा, ज्याच्यावरून याकोव्होसचं नाव ठेवलं त्या संताचा दिवस झाला. तुला ठाऊकच आहे, दरवर्षी त्या दिवशी बाबा आईला नि मला बंदरावरच्या त्याच्या लाडक्या बुझुकीच्या अड्ड्यावर नेतात, तारा छेडणाऱ्या बुझुकीवाल्याला त्याच्या नावानं त्याचं गाणं वाजवायला सांगतात आणि ते संपेपर्यंत कुणाला नाचू देत नाहीत. ज्याच्या नावचं गाणं त्याचाच नाच. दुसऱ्यानं पाय टाकला तर सुरे निघतात. सगळे रिकाम्या फरशीकडे बघत बसतात. आई तळलेले मासे चिवडत राहते. मला तर तिथून पळून जावंसं वाटतं.

यंदा गाणं सुरू झालं आणि एक परगावचा खलाशी, चार पेले जास्त झालेला, हात पसरून थेट मधोमध. त्या बिचाऱ्याला काय माहीत? बुझुकीवाल्याचा हात थांबला. बाबा उठले. आता मारामारी होणार म्हणून मी आईला घट्ट धरलं. पण बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हे माझ्या मुलाचं गाणं आहे म्हणून सांगितलं. तो ओशाळला. मुलगा कुठे बसलाय ते दाखवा, त्याचीही माफी मागतो, म्हणाला.

बाबा म्हणाले, तो बुडाला.

आर्गिरो, तीन वर्षांत हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

त्यांनी बुझुकीवाल्याला खूण केली आणि स्वतःच नाचले. गुडघा धड नाही, तोल जात होता. आई समोर गुडघे टेकून टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. मीही रडले. एरवी नाच रंगला की बश्या फोडतात, त्या दिवशी कुणी एक बशीसुद्धा फोडली नाही.

घरी येताना आईला म्हणाले, रविवारी त्याच्या नावचे गहू शिजव, चर्चमध्ये देऊ. गेलेल्या माणसासाठीच ते शिजवतात, म्हणून आजवर शिजवू दिले नव्हते. आणि मला म्हणाले, आर्गिरोला लिही, अंगठी काढ म्हणावं, पोरीचे दिवस मी फुकट घालवले. तुझं पत्र मी त्यांना दाखवलंसुद्धा नव्हतं गं.

गहू भिजत घातले आहेत. आमची आठवण आली तर लिही, न आली तरी लिही.

तुझी,
एव्हांथिया


स्टुटगार्ट,
४ नोव्हेंबर १९६९

ती. वन्संना सा. न. वि. वि.

टक्कल आहे, पण टोपी घालतो.

अंगठी साबण लावून काढली. प्रोद्रोमोसला अजून काही सांगितलेलं नाही. मीच हे मागितलं, आणि आता हे काय करून बसले असं झालंय. मला वाटायचं, मी मनातून केव्हाच समजून चुकले आहे. पण बाबा तो येणार म्हणत होते ना, तोवर माझाही तो कुठेतरी होता. पोरींना मी सांगायचे, आमचे बाबा खुळावलेत; आणि रात्री त्यांच्याच भरवशावर झोपायचे.

काल मशीनपुढे उभी होते आणि एकदम रडूच फुटलं, आवरेना. मुकादमबाईनं कोण गेलं म्हणून विचारलं. नवरा, असं सांगितलं. तिनं मला घरी पाठवलं.

बाबांना म्हणावं, माझे दिवस फुकट गेले नाहीत. त्यांनी आणखी थोडे दिवस वाट बघितली असती, तर मीही बघितली असती.

तुमचीच,
आर्गिरो